चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

आई,

परवा तुझ्या नातवाचा फोन आला. "मॉम, आजीचं ते काडतुसं भरायचं प्रेस आहे का गं अजून? मला हवंय. नेक्स्ट फॉलला आम्ही एल्क हंटिंगला चाललोय." इतकं सहज, जणू पुरणयंत्रच मागतोय. मी "शोधते" म्हणाले, फोन ठेवला आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. तुला जाऊन किती वर्षं झाली, तुझ्यामागून बाबा गेले, ते घरही विकलं, आणि तरी त्या एका वाक्यासरशी मी आपल्या डेन्व्हरच्या गराजच्या दारात उभी आहे. आत तू आहेस, स्वेटरवर ॲप्रन बांधलेली, आणि सगळीकडे चिंचेचा आणि ओल्या पितळेचा आंबट वास आहे.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. बाबांच्या ऑफिसातले अमेरिकन लोक दर फॉलमध्ये डोंगरात शिकारीला जायचे आणि बाबांना वाटायला लागलं, आपण गेल्याशिवाय इथे आपल्याला कोणी आपलं म्हणणार नाही. झुरळ दिसलं तरी तुला हाक मारणारे बाबा एक दिवस मॅग्नम रायफल घेऊन घरी आले, एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर, त्याला लोळवणारी. तू जेवणाच्या टेबलावर बोलेनाशी झालीस. मग एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणालीस, "जायचंय ना? जा. पण ती दुकानातली काडतुसं नकोत. कोणी भरली, कशी भरली, कोणास ठाऊक. मी भरून देईन." बाबा हसले. मीही हसले. आम्हाला वाटलं, तुझं ते 'बाहेरचं खाऊ नये' त्यातलाच हा प्रकार. तुझी केमिस्ट्रीची एम.एस्सी. तशीही कपाटात पडून होती. आज कळतं की तुला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ते काम दुसऱ्याच्या हातात न देणं एवढाच उपाय तुला ठाऊक होता.

काडतूस म्हणजे काय हे मला तुझ्याकडून कळलं. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी दिवाळीत फोडतो तसली एक टिकली, आत दारू, तोंडाशी गोळी. गोळी गेली तरी पुंगळी उरते आणि ती पुन्हा भरता येते. बाबांनी नेमबाजीच्या रेंजवर झाडलेल्या पुंगळ्या काळवंडून यायच्या. तू त्या चिंचेच्या कोळात भिजवायचीस, देवाची भांडी घासावीत तशा घासायचीस आणि ड्राइव्हवेवर जुन्या साडीवर वाळत घालायचीस. मग एकेक प्रेसमध्ये घालून दांडा ओढायचा, म्हणजे फुगलेली पुंगळी साच्यात दाबली जाऊन पुन्हा मापात येते. मग नवी टिकली, मग तराजूवर दारू. महाराष्ट्र मंडळातले काका लोक तुला चिडवायचे, "वहिनी, गोळ्या वळताय म्हणे! वेलची घालता का नाही?" तू हसायचीस. पण दारू तोलताना तुझ्या चेहऱ्यावर हसू नसायचं. एकदा मी दार उघडून "आई, कॅन आय टेक द कार?" एवढंच विचारलं, तर तू तोललेली सगळी दारू डब्यात परत ओतलीस आणि म्हणालीस, "मी तोलत असताना बोलायचं नाही. माणसाचा जीव आहे इथे." मला राग आला, मी दार आपटलं. काडतुसं भरायच्या पुस्तकात दिलेल्या मापांतलं सगळ्यात कमी तेच तू धरायचीस, आणि ते बाबांना सांगायचं नाही असं मला बजावलं होतंस.

एकच गोष्ट तू कधी मानली नाहीस. बाबांचे मित्र पुंगळ्या चार-पाच वेळा वापरल्या की फेकून द्यायचे. तुला ते बघवायचं नाही. "पितळ कोणी फेकतं का?" तुझ्या सासूबाईंचा पितळी डबा तू विमानात मांडीवर धरून आणला होतास, त्याला पोचे आले तरी तो तुझ्या ओट्यावर होता. तुझ्या माहितीत पितळ माणसांपेक्षा जास्त टिकायचं. पुस्तकात लिहिलेलं तू वाचलं नव्हतंस असंही नाही. पुंगळी दर बारात थोडी ताणली जाते, बुडाजवळच्या जाड पट्ट्याच्या वर आतून झिजत जाते, आणि फाटायच्या आधी बाहेरून तिथे एक चकचकीत रेघ दिसते. रेघ दिसली की पुंगळी बाद. तू प्रत्येक पुंगळी खिडकीशी नेऊन, चष्मा कपाळावर चढवून ती रेघ शोधायचीस. पण तुझ्या पुंगळ्या बुडापासून तोंडापर्यंत चकचकीतच होत्या गं. त्यात ती रेघ कुठून दिसणार?

त्या शनिवारी मी किचनमध्ये सीरियल खातेय. बाबा आदल्या दिवशीच डोंगरात गेलेत. गराजमधून दांडा ओढल्याचा आवाज येतो, आणि मग कसलाच आवाज येत नाही. तू दारात येऊन उभी राहतेस. तुझ्या तळहातावर पुंगळीचं नुसतं बूड आहे, कोटाच्या बटणाएवढं. बाकीची पुंगळी साच्यात अडकून राहिलीय. तुटलेली कड कागदासारखी पातळ दिसतेय. "नुसती दाबली तर तुटली," तू म्हणतेस. "बाबांनी नेलेल्या डब्यातल्या सगळ्या हिच्याच बरोबरच्या आहेत." मी म्हणाले, "आई, रिलॅक्स. नथिंग विल हॅपन." तू ते बूड माझ्या डोळ्यांसमोर धरलंस. बंदुकीत अशी पुंगळी फाटली तर दारूचा जाळ मागे येतो, आणि मागे माणूस गाल टेकून बसलेला असतो.

तेव्हा मोबाइल नव्हते. बाबांनी निघताना काढलेला नकाशा फ्रिजवर लावलेला होता, तो मी ओढून काढला. तू नकाशावरच्या गावाच्या गॅस स्टेशनला फोन केलास, तर ते लोक कालच वर गेले, एवढंच कळलं. तू फक्त देसी ग्रोसरीपर्यंत ड्राइव्ह करायचीस, आणि माझं लायसन्स नवं कोरं, तरी मीच चाकाशी बसले. शिकारीचे बार होतात उजाडताना आणि मावळताना. उजाडून गेलंच होतं. घाटात कडेला बर्फ होता, खाली दरी, मागे ट्रक हॉर्न मारतोय. मला वाटलं तू एखादं स्तोत्र म्हणशील. पण तू ते तुटकं बूड मुठीत धरून समोर बघत राहिलीस. खरं सांगायचं तर मला बाबांची भीती वाटत होती, रस्त्याची वाटत होती, पण सगळ्यात जास्त तुझी वाटत होती. बाबांना काही झालं तर तू त्या हातांनी पुन्हा भात कसा लावशील, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं.

कच्चा रस्ता संपला तिथे गाडी थांबवून आपण उतरलो आणि डोंगरात कुठेतरी बार झाला. कुठून, कोणाचा, काही कळेना. आवाज या कड्यावरून त्या कड्यावर जात राहिला. तू तिथेच मातीत बसलीस, साडी, कोट, सगळ्यासकट. मी तुला उठवत होते आणि तू उठत नव्हतीस.

तेवढ्यात झाडांमधून नारिंगी जाकीट दिसलं. बाबा. हातात बंदूक नाही, जळणाच्या काटक्यांचा भारा. "अरे, तुम्ही इथे? काय झालं?" आणि मग, तुझा चेहरा न बघताच, "अगं, आज सकाळी गंमतच झाली. बार उडाला आणि मागून भस्सकन धूर. अर्धी पुंगळी आतच अडकून बसली. रायफल कामातून गेली, म्हणून मला लाकडं गोळा करायला लावलंय." म्हणजे मी सीरियल खात होते तेव्हाच ते होऊन गेलं होतं. दुसऱ्याच कुणाचा तरी बार ऐकून तू मातीत बसली होतीस. तू उठलीस आणि त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतलास. उजव्या काचेवर बारीक काळे ठिपके होते. तू स्वेटरच्या कडेनं पुसायला लागलीस. पुसत राहिलीस. ते ठिपके काचेत रुतले होते. "अहो, माझ्या हातची होती ती," तू म्हणालीस. बाबांनी काटक्यांचा भारा खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणूनच तर वाचलो. तू दारू कमी घालतेस, मला काय माहीत नाही?" आणि तू रडायला लागलीस, बाबांच्या मागून आलेल्या त्या परक्या माणसांसमोर, मोठ्यानं.

घरी आल्यावर तू उरलेल्या सगळ्या पुंगळ्या ड्राइव्हवेवर मांडल्यास. पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक वाकवलंस आणि एकेका पुंगळीत घालून आतून चाचपलंस. जवळजवळ प्रत्येकीत ते टोक आतल्या झिजलेल्या खाचेत अडकलं. अडकलं की हातोडीनं ती चपटी करायची. ज्यांत अडकलं नाही त्याही चपट्या केल्यास. रायफल बाबांनी दुरुस्त करून विकली, गुडघे दुखतात म्हणाले. आणि तू त्यानंतर देवाची समईसुद्धा चिंचेनं घासली नाहीस. मी घासते म्हटलं तर म्हणालीस, "राहू दे काळी. चीर गेली तर दिसेल तरी." पुढे हॉस्टेलवरून मी फोनवर "आय ॲम फाइन" म्हणाले की तू म्हणायचीस, "घासूनपुसून सांगू नकोस मला." तेव्हा चिडायचे मी. आता तसं विचारणारं कोणी उरलं नाही.

प्रेस बेसमेंटमध्ये सापडलं, तुझ्या निळ्या साडीत गुंडाळलेलं. दांड्याला तू तेल लावून ठेवलं होतंस. नातवाला नाही म्हणावं असं मनात होतं, पण तो मोठा झालाय, दुसरं विकत आणेल, आणि मग कोणी भरली, कशी भरली, मला कुठे कळणार? म्हणून आज सकाळी फोन करून सांगितलं, "प्रेस मिळालं. पण ते देणार नाही. मीच भरून देईन." तो हसला. "मॉम, यू?" तेव्हा बाबा आणि मी हसलो होतो तसाच हसला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. प्रेसच्या खोक्यातच ठेवते, वाकवलेल्या एका पेपरक्लिपशेजारी. पुंगळ्या काळ्याच राहू देईन आणि वेळेवर फेकून देईन, तुला वाईट वाटलं तरी. मी तोलत असताना कोणाला बोलू देणार नाही. फक्त एक गोष्ट त्याला सांगितलेली नाही, तुला सांगते. माझे हात हल्ली थरथरतात गं आई. चहाचा कप बशीत ठेवताना वाजतो.