अप्पांचा फेरफार

खांदा कॉलनी, नवीन पनवेल

ती. रमाआत्यास अनुयाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा दमा आटोक्यात असेल असं धरून चालते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझा फोन म्हटलं की अप्पा शेजारी येऊन बसतात.

गेल्या रविवारी गव्हाणला एका साखरपुड्यात अप्पा पंगतीतून उठले आणि तिथेच कोसळले. (जिलेबी खाल्ली होती, किती, ते सांगत नाहीत.) दवाखान्यात बोटातून रक्त घेतलं तर साखर तीनशे चाळीस. डॉक्टर गोंधळले, कारण महिन्यापूर्वी रिपोर्टात एकशे अठ्ठावीस बघून त्यांनीच गोळी कमी केली होती. घरी येऊन मी अप्पांची फाइल उघडली. मूळ कागदावर दोनाचा एक केलेला, खाली व्हाइटनर, वर काळं पेन. डॉक्टरांना दिली ती त्याची झेरॉक्स.

"अप्पा, हा खोटेपणा कशासाठी केलात?"

"खोटेपणा नाही, फेरफार," ते म्हणाले.

तुला माहीतच आहे, तलाठी म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं जमिनींचे फेरफार नोंदवले. बाप गेला, मुलाचं नाव लागलं, की फेरफार. बाकीचं जग या शब्दाला लबाडी समजतं; अप्पांच्या लेखी तो सरकारी, स्वच्छ शब्द आहे. मी म्हटलं, "फेरफाराची नोटीस काढतात, हरकतीला पंधरा दिवस देतात. मला नोटीस कुठे दिलीत?"

त्यांनी माझ्या हातातून फाइल घेऊन मिटली. मग म्हणाले, "तू हरकत घेतली असतीस. तुझ्या नागपूरच्या बढतीचं पत्र मी वाचलं. साखर वाढलेली कळली असती तर तू गेली नसतीस."

आत्या, नकाराचं पत्र मी आधीच लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आता गोळी पुन्हा पूर्वीइतकी केली आहे. अप्पा मुकाट्याने कारल्याची भाजी खातात, ते बघवत नाही. काळजी नसावी.

तुझी,
अनुया

ता. क. नकाराचं पत्र अजून दिलेलं नाही. एकवीस तारखेपर्यंत मुदत आहे. मी नागपूरला बस्तान बसवेपर्यंत चार महिने इथे येऊन राहशील का? ते फक्त तुलाच घाबरतात.

आणखी एक. तू गुडघ्याच्या उपचारासाठी येते आहेस, असं मी अप्पांना सांगून बसले आहे. तेव्हा स्टेशनवर जरा लंगडत उतर. कुठला गुडघा ते मी बोललेले नाही. तू ठरव, पण एकदा ठरवलास की बदलू नकोस.