वरच्या मजल्यावर दुसरी बाथरूम

३ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

तुझं पत्र पोचलं. तब्येत ठणठणीत आहे असं लिहिलंयस, आणि पेनाचा जोर बघता त्यावर माझा लगेच विश्वास बसला. कागद दोन ठिकाणी फाटलाय. मीही बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण दुकानापर्यंत नेतात आणि परत आणतात. चष्म्याच्या धंद्यात मंदी नाही, लोकांना दिसायचं रोज थोडं कमीच होतं.

तुझ्या मुद्द्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तू बसून वाचशील. काम थांबणार नाही. बाथरूम होणार.

"अप्पांनी बांधलेल्या घराला हात लावू नकोस," असं तू लिहितेस. आता हात लावल्यावर काय निघालं ते ऐक. भिंतीतला पाण्याचा लोखंडी पाइप प्लंबरने कापून माझ्यापुढे धरला. बाहेरून अंगठ्याएवढा जाड, आणि आत गंज चढून चढून पेन्सिल कशीबशी जाईल एवढीच वाट. आपण जन्मभर करंगळीएवढ्या धारेखाली बादली लावून पाणी सोडणाऱ्यांच्या नावाने खडे फोडत होतो. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

हा प्लंबर एक नमुनाच आहे. प्रत्येक गोष्टीला आधी "नाही जमणार" म्हणतो आणि मग ती करून टाकतो. वर जिन्यासमोरच्या कोपऱ्यात छान उजेड येतो, म्हणून मी तिथे बाथरूम करू म्हटलं.

"नाही जमणार. संडासाचा पाइप चार इंची, त्याला उतार लागतो. इथून मागे न्यायचा तर तुमच्या स्वयंपाकघराच्या छताखालून जाणार. जेवायला बसलात की डोक्यावरून काय चाललंय ते आठवत बसाल."

म्हणून मग अडगळीची खोली रिकामी केली. ती बरोबर खालच्या बाथरूमच्या डोक्यावर आहे, त्यामुळे पाइप सरळ खाली उतरतो. तेवढ्यावर भागलं असं वाटलं तर हा म्हणाला, हवेसाठी वेगळा पाइप छताच्या वर काढावा लागेल. नाहीतर वर फ्लश ओढला की खालच्या जाळीखाली साठलेलं पाणी शोषलं जाणार आणि गटाराचा वास थेट घरात. छतावरची टाकीही वरच्या शॉवरपेक्षा जेमतेम हातभर उंच होती. "पाणी येईल, पण रडत येईल." ती लोखंडी स्टँडवर चढवायची ठरली. आणि मागच्या अंगणात खणलं तर मातीच्या जुन्या पाइपांच्या सांध्यांतून कुंपणाच्या झाडाची मुळं आत घुसलेली, जटाच जटा. तेही सगळे बदलले. अंगणाची अशी काही दुर्दशा झालीय की शेजारीण रोज गच्चीवर कपडे वाळत घालताना अर्धा तास रेंगाळते. तुला बातमी तिच्याकडूनच गेली असणार. माझा तिच्यावर राग नाही. तिला सांग, पुढच्या आठवड्यात भिंती पाडणार आहोत, खुर्ची घेऊन बस.

टाकी मोठी घ्यायची की होती तीच चालेल हे ठरवायला प्लंबरने विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोन."

त्याने कपडे वाळत घातलेल्या दोरीकडे पाहिलं. तिथे माझेच शर्ट. दाराशी चपलांचा एकच जोड.

"दुसरं कोण?"

"आहे एक."

"मग दिसत कसं नाही?"

"तू टाकी दोघांची धर," मी म्हणालो.

अक्का, पुढचं लिहायला हात जड होतो, म्हणून एवढा वेळ पाइपांत रमलो. तू मला बजावलंयस की आता तरी सूनबाईला तिच्या माहेरी पाठव. तिला पाठवायला ती इथे आहे कुठे? तू परत गेलीस, त्याच आठवड्यात तिने घर सोडलं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात तू जे बोललीस ते तुझ्या मते हळू आवाजात होतं. बायको गेली, मुलगा दुसरा संसार थाटून निघून गेला, आणि मागे राहिले सासरा आणि सून, दोघंच. घरात बाथरूम एक. दाराआड खुंटीवर तिचा टॉवेल आणि माझा टॉवेल शेजारी शेजारी. शोभतं का हे? एवढं बोललीस आणि चहाचा कप उचललास. ती तेव्हा तिच्या शाळेच्या व्हॅनची किल्ली हातात घेऊन जिन्यात उभी होती. मला दिसली, तुला दिसली नाही.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "बाबा, शाळेजवळ एक खोली मिळतेय. पहाटे मुलांना आणायला व्हॅन काढायची तर सोपं पडेल." कारण अगदी व्यवस्थित होतं. ते तिने दिलं, मी घेतलं. व्हॅनमध्ये तिचं सामान मीच चढवलं. फार नव्हतंच.

आता तुला एकच गोष्ट विचारतो. तुझी भावजय अंथरुणाला खिळली तेव्हा तिला रोज उचलून, खुर्चीवर बसवून अंघोळ कोणी घातली? या मुलीने. कुठे? त्याच बाथरूममध्ये. तेव्हा चिरंजीव तर जाण्याची तयारी करतच होते. त्या सगळ्या महिन्यांत बाथरूम एकच होती, खुंटीही तीच होती, आणि कुणाला काही म्हणजे काही वाटलं नाही. नात्यातले येत होते, हिच्या हातचा चहा पीत होते, "लेकीसारखी करतेय हो" म्हणून जात होते. मग ती लेक कोणत्या दिवशी परकी झाली, तेवढं मला कळव.

चिरंजीवांचाही फोन आला होता. म्हणजे तू त्यालाही कळवलंस.

"बाबा, तुम्ही माझ्या बायकोसाठी बाथरूम बांधताय म्हणे?"

मी म्हटलं, "तुझी बायको तुझ्या घरी आहे. मी माझ्या घरातल्या माणसासाठी बांधतोय."

"अहो, पण लोक..."

"लोकांना सांग, काम चालू आहे, विटा पडतायत, जरा लांबून जा."

त्याने फोन ठेवला. मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

लोकांची तोंडं बंद करायला मी हे करत नाही, तेवढ्या जाडीचं बूच कुठे मिळत नाही. सकाळी दोन माणसांना एकाच वेळी कामाला निघायचं असतं, म्हणून घरात दुसरी बाथरूम लागते. सगळीकडे लोक याचसाठी बांधतात. मी काही जगावेगळं करत नाही.

तुझा भाऊ


२८ नोव्हेंबर

अक्का,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहितो.

मागच्या महिन्यातल्या... नाही, याच महिन्यातल्या दुसऱ्या आठवड्यात मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. व्हॅनमध्ये मुलांचा गोंधळ चाललेला. मला बघून ती घाबरून खाली उतरली.

"काय झालं, बाबा? बरं आहे ना?"

"टाइल्स निवडायच्यात. रविवारी चल."

"कसल्या टाइल्स?"

सांगितलं. बराच वेळ ती व्हॅनच्या आरशावरची धूळ बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आता लोक म्हणणार, सुनेसाठी बाथरूम बांधली."

"म्हणू देत. खरंच बांधलीय."

"मी आता सून तरी आहे का, बाबा? सह्या झाल्या सगळ्या."

"सह्या त्याच्याशी झाल्या. माझ्याशी तू काही मोडलंयस का?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. मागून एक पोरगी ओरडली, "मावशी, चला ना, भूक लागली!" ती व्हॅनमध्ये चढली आणि निघून गेली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

रविवारी मात्र आली. मी निळ्या टाइल्स घ्यायच्या ठरवल्या होत्या, तिने राखाडी घेतल्या. डाग दिसत नाहीत म्हणे. प्लंबर म्हणाला, "नाही जमणार, हा रंग पुरेसा मिळत नाही," आणि संध्याकाळी टेम्पो भरून घेऊन आला.

टाइल्स बसवायच्या आधी वरच्या बाथरूमच्या तळाला पाणी भरून ठेवून बघतात, खाली झिरपतं का ते. ती वर, मी खाली बॅटरी घेऊन छताकडे तोंड करून. "बाबा, गळतंय का?" "नाही!" "नीट बघा!" "बघतोय!" आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यात ओल दिसली, चांगली तळहाताएवढी. माझं अवसानच गेलं. मला वाटलं, आता तुम्ही सगळे म्हणणार, बघा, घरालाच मान्य नव्हतं. ती जिना उतरून आली, माझ्या शेजारी उभी राहून तिने वर पाहिलं. "कोपऱ्यातून पाइप जातो तिथे नीट भरलं नाहीय. एवढंच आहे," म्हणाली, आणि प्लंबरला फोन लावला. त्याने तो कोपरा फोडून पुन्हा केला. पुन्हा पाणी भरलं. या वेळी ती रोज काम संपवून येत होती, बॅटरी तिच्याच हातात. छत शेवटपर्यंत कोरडं राहिलं.

परवा ती सामान घेऊन आली. मी जेवढं चढवलं होतं त्यापेक्षा एक कुंडी जास्त आहे. काल पहाटे वर शॉवरचा आवाज आला आणि त्याच वेळी मी खाली दाढी करत होतो. माझ्या नळाची धार जराही कमी झाली नाही. ती निघताना जिन्यातूनच ओरडली, "बाबा, गॅसवर दूध आहे!" मी इतका वेळ तसाच साबण लावून उभा राहिलो की दूध उतू गेलं.

आता तुझं. दार तुला कधीच बंद नव्हतं, आजही नाही. वाटेल तेव्हा ये, चार दिवस राहा. पण आल्यावर आधी तिच्यासमोर बस. त्या दिवशी तिच्या पाठीमागे जे बोललीस ते तिच्या तोंडावर म्हण, नाहीतर तिच्या तोंडावर मागे घे. दोन्हीतलं काय करायचं ते तू ठरव, तू मोठी आहेस. तू बोलशील तेव्हा मी त्याच खोलीत असेन, आणि या वेळी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असेन.

तुझाच,
पण या बाबतीत तुझं मुळीच न ऐकणारा,
धाकटा भाऊ