ओढ्याकडची पेटी माझ्याकडे

३ मे
चॅपलच्या हॉलमध्ये मीटिंग. विषय बेले. मांजराएवढा, पिवळ्या गळ्याचा, झाडावर राहणारा शिकारी प्राणी. आमच्या वेल्समधून जवळजवळ संपला होता, आता स्कॉटलंडहून आणून सोडलाय. त्याच्यासाठी झाडांवर लाकडी पेट्या बसवल्यात. ओढ्याकडची पेटी मी घेतली. पहिला हात माझाच वर गेला. नेस्टा म्हणते, मी माशी हाकलत होतो. बायकोला नवऱ्याचं कौतुकच नाही.

५ मे
काम सोपं. शिडीवर चढायचं, पेटीच्या छपरावर ताजी विष्ठा आहे का बघायचं, प्रकल्पाच्या मेरेरिडला कळवायचं. तिला विचारलं, चावतो का? सहज, माहिती म्हणून. म्हणाली, तुम्ही नाही चावलात तर तोही नाही चावणार. थट्टेची वेळ होती का ही? उद्या नक्की.

६ मे
पाऊस. अनुभवी माणूस ओल्या शिडीवर चढत नाही.

७ मे
ऊन. उन्हात जनावरं बिथरतात.

१२ मे
गेलो. शिडी लावली. वर काहीतरी खरवडलं. अंगावर काटा आला, गार वारा असावा. गाडीत बसून काचा लावल्या. खारच असणार. ‘पेटी रिकामी’ असं कळवून टाकलं.

१९ मे
मेरेरिडचा फोन. पेटी रिकामी आहे, म्हणून लाकूडवाले उद्या ओढ्याकडची झाडं तोडणार. खात्री आहे ना? म्हटलं, आहे. रात्री सूप तसंच राहिलं. नेस्टानं विचारलं, वर चढला होतास ना रे? म्हटलं, सूपमध्ये मीठ कमी आहे. तिनं मिठाची बरणी पुढे सरकवली.

२० मे
सकाळीच गेलो. शिडी दोनदा हलवून बघितली. चढलो. छपरावर ताजी विष्ठा. तेवढ्यात भोकातून तोंड बाहेर आलं. गुरगुरलं. आत बारीक चिवचिव. पिल्लं.

खोडाला मिठी मारून डोळे मिटले. खाली करवतवाले आले, बाजूला व्हा म्हणाले. मला ना उतरता येईना, ना बोलता. शेजारची ओल्वेन कुत्रा फिरवत आली. कोंबड्यांच्या काळजीनं ती बेलेच्या नावानं रोज बोटं मोडते. ती त्यांना म्हणाली, ह्याला मी लहानपणापासून ओळखते, खुर्चीवर चढायला घाबरतो. उगाच नाही असा वर चढून चिकटला, तिथे काहीतरी आहे. यंत्रं बंद करा, मेरेरिडला बोलवा.

केली बंद. मग तिनंच माझा एकेक पाय धरून पायरीवर ठेवत मला उतरवलं.

२२ मे
पिल्लं मोठी होईपर्यंत तोड थांबवली. माझ्या धाडसाचं फळ. शिडी ओल्वेनकडे दिलीय. मला मीटिंगचा चहा करायचं काम. जाणत्या माणसाला मुख्यालयातच ठेवतात. किटली मात्र फार मोठी आहे, आणि उकळती. नेस्टाला सोबत नेईन.