मचव्यातील उशी

दि. ५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
प्रभूमध्ये सा. सलाम. वि. वि.

तुझे गुडघे आता जिना चढू देतात हे वाचून घरी सर्वांना आनंद झाला. माझे मात्र एक गाऱ्हाणे आहे. निवृत्त होताना गादी-कारखान्यातील बुधवारचा बायबल अभ्यास तू माझ्यावर सोपवलास, तो माझ्या हातून बुडत चालला आहे. पहिल्या बुधवारी जेवणाच्या सुटीत कोठारात चौदा जणी जमल्या होत्या, काल पाच. त्यांतली एक गाद्यांच्या थप्पीला टेकून चक्क घोरू लागली. मुकादमबाई म्हणाल्या की, पोरीचा आवाज भारी गुंगीचा आहे, गिऱ्हाइकाला गादी दाखवताना हिलाच वाचायला बसवावे. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि मग माल पाठवणीच्या चिठ्ठ्या लिहिण्याच्या माझ्या टेबलाशी येऊन रडले.

तयारीत मी कसूर करत नाही. अकरा पाने टिपणे काढते, प्रार्थनाही लिहून नेते. प्रश्न विचारते; पण त्यानंतरची शांतता मला सोसवत नाही, म्हणून उत्तरही मीच देऊन टाकते. पाळकसाहेब म्हणाले की, महिनाअखेरपर्यंत हेच राहिले तर हा अभ्यास रविवारच्या वर्गात मिळवू. रविवारी कारखाना चालू असतो. म्हणजे या बायकांना कुठलाच वर्ग उरणार नाही. माझ्यापायी तसे होऊ नये. दुसरी कुणी नेमावी, असे तू त्यांना लिहावेस.

लोभ आहेच, या कबुलीनंतरही तो राहावा, ही वि.

तुझी भाची


दि. ९ फेब्रुवारी

चि. पंडिताबाईस अ. आ.

पत्र पोचलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर रडका! पाळकसाहेबांना मी इतक्यात काही लिहीत नाही. महिना सरू दे, मग तू म्हणशील ते लिहीन.

अगं, शाळेत कायम पहिली आलीस, त्याचा हा त्रास. बाईंनी विचारलं की तुझा हात वर. आता बाईही तूच आणि हात वर करणारीही तूच. बाकीच्यांनी घोरायचं नाही तर काय करायचं? मी तरी कुठली शहाणी! पहिल्या वर्षी इतकी बडबडायचे, की उशीवाली काकी मला म्हणाली, देवालाही मध्ये बोलायला जरा जागा ठेवा. तीच काकी, मुलगी अंथरुणाला खिळल्यापासून तोंडातून शब्द काढत नाही. येते मात्र न चुकता. तिच्याकडे लक्ष असू दे.

अकरा पानं घरी ठेव. एक गोष्ट वाच, एकच प्रश्न विचार, आणि तोंडाला टाका घाल. मनात सावकाश तीसपर्यंत मोज. तुझ्याइतकं वाचलेलं आपल्या घरात कुणी नाही, आणि मी ते चारचौघींत मिरवते, हे काही तुला ठाऊक नाही.

माया आहेच, काळजीही आहे. दोन्हींचं उत्तर पाठव.

तुझी आत्या


दि. २६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
प्रभूमध्ये सा. सलाम. वि. वि.

गेल्या आठवड्यात वादळातल्या मचव्याची गोष्ट घेतली, शिष्य बुडायच्या भीतीत आणि येशू मचव्यात झोपलेला, ती. वाचून झाल्यावर विचारले की, त्या मचव्यात आपण असतो तर काय केले असते? आणि थांबले. अकराला उत्तर जिभेवर आले, ते गिळले. एकोणीसला कुणीतरी खाकरले. सव्विसाव्या आकड्याला उशीवाली काकी बोलल्या.

त्यांनी विचारले की, येशू उशी घेऊन झोपला होता, असे मी वाचले ना? मी पुन्हा पाहिले. होती, उशी होती. आत्या, ही गोष्ट मी पन्नासदा वाचली असेल. माझ्या टिपणांत वाऱ्याची दिशा आहे, मचव्याची लांबी आहे, पण उशी नाही. काकी म्हणाल्या की, बसल्या बसल्या डोळा लागणे वेगळे. उशी घेणारा माणूस झोपायचे ठरवूनच आडवा होतो. आठ महिने त्या आपल्या लेकीसाठी त्याला रोज हाका मारताहेत. मग तोही उशी घेऊनच झोपला आहे का?

मी म्हणाले की, मला ठाऊक नाही. हे वाक्य मी चार माणसांत आयुष्यात प्रथमच उच्चारले.

तेव्हा मुकादमबाई म्हणाल्या की, शिष्यांना तरी कुठे रीत होती? गदागदा हलवले आणि आम्ही मेलो तरी तुला काही नाही का, असे तोंडावर विचारले! इथे माझे वाचन प्रथमच कामाला आले. मी दाखवले की, मार्काच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूने आधी वारा शांत केला. शिष्यांना रागे भरला तो नंतर. काकी पुटपुटल्या की, मग आपणच फार अदबीने हाका मारत राहिलो. त्यांनी मला प्रार्थना करायला सांगितले. कागद घरी होता. मी सुरुवात केली आणि मुलीच्या नावाशी येऊन वाक्य तुटले. क्रियापदावाचून वाक्य सोडणे मला कधी जमलेले नाही. त्या दिवशी सुटले. ते काकींनी पुढे नेले, जवळजवळ भांडतच. इतकी खरी प्रार्थना मी कधी ऐकली नव्हती. मी फक्त आमेन म्हटले.

काल अकरा जणी होत्या. पाळकसाहेब दारात उभे राहून ऐकून गेले; जाताना म्हणाले की, बुधवार बुधवारीच राहू द्या. तेव्हा त्यांना पत्र लिहू नकोस.

मुलगी अजून उठलेली नाही. काल कारखाना सुटल्यावर मी काकींबरोबर त्यांच्या घरी गेले. मुलीने उशीवरून मान वळवून विचारले की, मी कशाला आले आहे. मी सांगितले, तुझ्या आईबरोबर हाक मारायला.

तुझी माया अशीच राहो, आणि उत्तर लवकर यावे, ही वि.

तुझी भाची