पुढं वळण आहे, साहेब

३ नोव्हेंबर, सकाळ
चौलच्या बंगल्याचं काम आपलंच. मांडवा जेट्टी ते चौल, वर्षभर, एकच पार्टी. बंगल्याच्या मॅडमचे वडील विलायतेहून कायमचे आलेत. मराठी विसरलेत, मानेला पट्टा. अट एकच: गाडी अचानक वळायची असेल तर आधी इंग्रजीत सांगायचं, म्हणजे ते मान धरतील. मावसभाऊ परेशही ट्रायल देणार म्हणे. त्याला फक्त 'स्ट्रेट' येतं. बिचारा.

५ नोव्हेंबर
सून रुचिता इंग्रजी शिकवतेय. वैताग आला. एक 'टर्न' घ्यायचा, त्याच्या शेपटीला अराउंड, ऑफ, बॅक काहीही बांधायचं, दर वेळी गाडी भलतीकडे. सरळ जायला एक शब्द आणि वळायला ही वरात! यांचे पूर्वज सरळ कधी गेलेच नसावेत.
बायको सगुणा चुलीपासून म्हणाली, शब्द कसले पाठ करताव, रस्त्यात कुनी हात केला तर थांबायचा न्हाय, येवढा पाठ करा. बायकांना धंद्यातलं कळत नाही.

८ नोव्हेंबर, दुपार
पुल ओव्हर, कडेला घेणे. बॅक अप, मागे घेणे. टर्न अराउंड, तोंड फिरवणे. डबल बॅक, आल्या वाटेने परत. झालं पाठ. कान पहिल्यापासून तिखट. इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगतो मी, हे काय!

११ नोव्हेंबर. ट्रायल
झकास.
बाबा बोटीतून उतरले. वाटेत कुत्रं आडवं. आधी 'स्वर्व्ह अराउंड' बोललो, मग चुकवलं. मॅडम हसल्या. काम खिशात.
नाक्यावर अनंता हात करून उभा. रुचिताचा बाप, माझा व्याही. व्याह्यासमोरून पुढं जायचं? संध्याकाळपर्यंत गावभर, की चार गाड्या झाल्या आणि दत्ता तोंड फिरवून जायला लागला. 'पुल ओव्हर' म्हणालो. लेकीसाठी कोलंबीची पिशवी दिली त्याने.
पुढं मनुबाई मावशी दिसली. परेशची आई. असेना, मावशी ती मावशी. 'बॅक अप'. तिला दवाखान्यात जायचं होतं, तो मागच्या फाट्यावर. 'टर्न अराउंड'. तिला सोडून चौलच्या रस्त्याला लागलो तर तिचा चष्मा सीटवर. 'डबल बॅक'.
एक शब्द चुकला नाही. बाबा आधी दर वेळी मान धरत होते, नंतर धरूनच बसले. मॅडम चौलपर्यंत गप्प. भारावल्या असाव्यात. कोलंबीचा वास थोडा आला.

१३ नोव्हेंबर
फोन नाही. मोठ्या लोकांना वेळ लागतो. नवी सीटकव्हरं टाकली. परेशने ट्रायलला तोंडच उघडलं नाही म्हणे. संपला तो.

१५ नोव्हेंबर, सकाळ
मॅडमचा फोन. 'वी आर बॅकिंग आउट.' रुचिताला अर्थ विचारावा लागला नाही. क्लास वाया गेला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.
लोकच बेभरवशाचे. आजपासून रस्त्यात कुणासाठीही थांबणार नाही. बाप आला तरी.

संध्याकाळ
शेजारच्या विठोबाचं बोकड फाट्यावर पोचवायला थांबलो, तिथंच गाडी बंद पडली. समोरून परेश. मागच्या सीटवर बाबा, पट्टा काढून गाढ झोपलेले. मी हात केला. बोकडही ओरडलं.
परेशने वेगसुद्धा कमी केला नाही. सरळ गेला.
सख्ख्या मावशीचा मुलगा! थू. या रस्त्यावर माणुसकी उरली नाही.