मुंबईचं पाकीट परत गेल्याबद्दल

शहापूर, ११ जून २००७

कमळ हिस,

नमस्कार. इथल्या एका कचेरीने तुमच्या खात्याचं पाकीट न उघडता मुंबईला परत धाडलं, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे होते तसेच आहेत.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा दिल्लीने केला, संरक्षण अधिकारी मात्र राज्याने नेमायचा, एवढं वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्या भरवशावर शेणव्याच्या जिवलीला घेऊन कचेरीत गेले. (नवरा हनुमान. मारून घराबाहेर काढलं, लेकीसकट. तिला काडीमोड नको, स्वतःच्या घरात न घाबरता झोपायचं आहे.) आवक-जावकच्या टेबलावरचे सावळाराम सज्जन गृहस्थ. म्हणाले, "बाई, कायदा दिल्लीचा, तर ऑर्डरपन दिल्लीचीच येनार. मुंबईचं एक पाकीट आलेलं, ते आपलं नाय म्हनून परत लावलं." अधिकारी नेमल्याची ऑर्डर त्याच पाकिटात असणार. दिल्लीच्या शिक्क्याची ते सात महिने वाट पाहत आहेत. जिवली म्हणाली, "माझं घर शेणव्यात हाय दादा, दिल्लीत नाय." त्यावर त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

परतताना आपले मुरबाडचे दिवस फार आठवले. ब्याण्णव साली आपल्याला ना दिल्ली लागायची ना मुंबई. मारणाऱ्याच्या ओटीवर जाऊन बसायचं, त्याच्याच आईकडे चहा मागायचा आणि तो शरमेपर्यंत उठायचं नाही. काळूराम तीन दिवसांत वळणावर आला. (त्याच्या घरात चौथ्या दिवसाच्या चहाला साखर नव्हती, असं तू म्हणायचीस.) किती हसायचो आपण. परवा बाजारात त्याची बायको अंबूबाई भेटली. मी मोठ्या अभिमानाने आठवण काढली. ती म्हणाली, "तुमी उठून गेलात का तुमच्या चहाचं माझ्या पाठीवर निघायचं." पंधरा वर्षं मी ही गोष्ट विजयाची म्हणून सांगत आले.

म्हणून अधिकारी हवा. आपण उठून गेल्यावरही जो तिथे असेल, असा.

तुझी,
मीना

ता. क. परत आलेलं पाकीट तुझ्याच टेबलावर असणार. शोध. आता टपालाने पाठवू नकोस. हे पत्र घेऊन आलेली बाई जिवली आहे, तिच्याच हाती दे.

आणखी ता. क. पाकीट सापडेपर्यंत ती तुझ्याकडे राहील. तुला विचारून पाठवायला हवी होती. पण विचारलं असतं, तर तू विचार करत बसली असतीस.

सुपूर्द, आटगाव स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसवून: जिवली. तिची लेक ठकी, वय तीन. अर्जाच्या प्रती दोन. पोच जिवलीने शेणव्याला परतून स्वतः द्यायची आहे.