यंदाच्या बडग्याचं तोंड

रवि., १९ ऑगस्ट १९७३
आजपासून गल्लीत बडग्या बांधणं सुरू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यामागे मिरवणुकीत न्यायचा नि शेवटी जाळायचा आमचा पुतळा, यंदा महागाईचा. दरवर्षी बडग्या बांधणाऱ्या शंकरदादाने बांबूचा सांगाडा उभा केला, मला खळ शिजवायला बसवलं. आईला सांगितलेलं नाही. मारबतीच्या दिवशी ती मला घरातच ठेवते. मी पाच वर्षांचा असताना गर्दीत एकाने माझ्या वाकड्या तोंडाकडे बोट दाखवून ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी ठोकली होती. ती विसरली नाही. मीही नाही, पण पुढल्या वर्षी मॅट्रिकला बसणार, किती दिवस दार लावून बसायचं?

गुरु., २३
गल्लीतल्या मंग्याने बडग्याचं तोंड पुठ्ठ्यावर रंगवून आणलं. ओठ डावीकडे ओढलेला, डावा डोळा न मिटणारा. मीच! पोरं हसली, मग मला पाहून गप्प. ते गप्प होणं जास्त लागलं.  विचारलं, हेच तोंड काहून? मंग्या खाली पाहून म्हणाला, “संकट असंच दिसते ना गा.”
मी म्हटलं, “रेशनवाल्याचं तोंड पाह्यलं का? एकदम सरळ आहे. अन् रेशनच्या लाल मिलो ज्वारीत खडे तोच टाकते.”
शं.दा. हसला. म्हणाला, पाहू. त्याचं ‘पाहू’ म्हणजे बहुतेक नाहीच.

शनि., २५
वाट पाहत बसलो नाही. नवं तोंड मीच केलं. सरळ नाक, पीळदार मिशी, पानाने लाल ओठ, मिठाईच्या डब्यावरच्या सोनेरी कागदाचा दात. देखणा झालाय लेकाचा. शं.दा. म्हणे, याले जाळायचा जीव होनार नाही. म्हटलं, मिलोची भाकर आठव, होईल.
नवं तोंड पास. माझी अट एकच, मी गाडीवर उभा राहणार, बडग्याजवळ. पोलिओच्या पायाने एवढं अंतर चालणं होत नाही, आणि मागे राहायचं नाही. तो म्हणाला गर्दीत पडशील. “पडलो तं उठीन. सवय आहे मले.”

सोम., २७. पोळा
आईला सांगितलं.
“लोक ओरडले तं?”
“मी त्यायच्याहून मोठ्यानं ओरडीन.”
ती जेवली नाही. मी जेवलो. पुरणपोळी काय रोज होते?

मंगळ., २८. मारबत
घसा बसला. पाय सुजलाय.
मिरवणूक इतवारीत आली नि एकजण ओरडलाच, ‘यायच्याजवळ दोन बडगे हो!’ लोक हसले. भ्यालो, खोटं कशाला लिहू. बडग्याची कंबर धरली नि जीव खाऊन ओरडलो, ईडा पीडा, महागाई घेऊन जा गे मारबत! आमची गल्ली मागून ओरडली, मग समोरचेही. तो माणूसही ओरडत होता.
कोपऱ्यावर आई उभी दिसली. बोलावलं नव्हतं.
देखणा जळाला. थोडं वाईट वाटलं.

गुरु., ३०
मंग्याचा पहिला पुठ्ठा पोरं फाडायला निघाली होती. मी मागून घेतला. घरी आरशाशेजारी धरून पाहिला. ओठाची घडी बरोबर. हसताना पडते ती गालावरची रेघसुद्धा. लोक माझ्याकडे पाहून लगेच दुसरीकडे पाहतात. मंग्याने किती वेळ पाहिलं असेल! राग गेलेला नाही. तरी भिंतीला लावला. आईने काढला. मी परत लावला.
संध्याकाळी मंग्या दारात.
“राग आहे काय गा?”
“आहे.”
तो जाईना. भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, सरळ. म्हणाला, कान चुकला.
“मंग बस. नीट काढ.”
बसला. मी उजेडाकडे तोंड केलं. आई आत कपबशा वाजवत होती, चहा टाकायचा की नाही ते तिचं ठरत नव्हतं.